भिंतीवरची भाजी आणि पाण्याचे पैसे

शहरातल्या एखाद्या रस्त्यावर अशा दोन भिंती शेजारीशेजारी दिसतात. एकीवर लोखंडी सांगाडा, त्यात ओळीने अडकवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या, त्यांच्यामधून फिरवलेली ठिबकची नळी आणि कोपऱ्यात उद्घाटनाची पाटी. लावली तेव्हा ही भिंत हिरवीगार होती. आता निम्म्या कुंड्यांत वाळक्या काड्या उभ्या आहेत आणि बाकीच्या नुसत्याच मातीच्या आहेत. दुसरी भिंत म्हणजे कुणाच्या तरी वाड्याचं जुनं कुंपण. तिच्यावर तोंडलीचा वेल चढला आहे. त्यासाठी निविदा निघाली नव्हती. घरातल्या कुणीतरी कधीतरी वेलाचं एक खोड खोचलं आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिथे ओतत राहिलं. वेल भिंतीवरून रस्त्याच्या बाजूला उतरला आहे आणि येणारी-जाणारी माणसं चार तोंडली तोडूनही नेतात.

जिच्यावर लाखभर रुपये खर्च झाले ती भिंत वाळली. जिच्यावर शंभर रुपयेही झाले नसतील ती फळते आहे. असं का होतं?

या कोड्याचे दोन धागे आहेत. एक झाडाच्या मुळांकडे जातो. दुसरा पैसा कुठल्या खात्यातून आला इकडे जातो. पहिल्याबद्दल बागकामाच्या पुस्तकांत भरपूर लिहिलेलं असतं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते सार्वजनिक जागेतल्या उभ्या बागा मरतात त्या बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने. सार्वजनिक खाद्यबाग म्हणजे शहराच्या मालकीच्या जागेत लावलेली अशी बाग, की जिथली भाजी किंवा फळ कुणीही तोडून घरी न्यावं. तिच्यात उभी लागवड करायची तर पैसा कसा उभा करावा, हे समजायला आधी झाडाची गरज समजून घ्यावी लागते. म्हणून सुरुवात मुळांपासून.

वेल आणि खिसे

भिंतीवर झाडं वाढवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत झाड जमिनीत लावतात आणि त्याला तार, जाळी किंवा काठीचा आधार देऊन वर चढवतात. परसातला दोडक्या-कारल्याचा मांडव ही तीच तऱ्हा. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने छोटासा दगड बांधणारी आजी उभ्या बागेचंच काम करत असते. गोव्याच्या कुळागरात आणि कोकणातल्या बागांत पोफळीच्या खोडावर मिरवेल चढवतात. एकाच हातभर जमिनीतून खाली मिरी आणि वर सुपारी, असं उत्पन्न निघतं.

दुसऱ्या तऱ्हेत झाड जमिनीत नसतंच. भिंतीवर सांगाडा ठोकतात, त्यावर खिसे किंवा छोट्या कुंड्या लावतात आणि प्रत्येक खिशात वेगळं रोप बसवतात. हिचं सगळ्यात गाजलेलं रूप फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी घडवलं. पॅरिसच्या क्वे ब्रान्ली संग्रहालयाची त्यांची भिंत सुमारे ८०० चौरस मीटरची आहे. तिच्यात माती नाही. जाड नमद्यासारख्या कापडाच्या थरांत मुळं रुजलेली आहेत आणि वरून खतमिश्रित पाणी सतत झिरपतं. भिंत अतिशय सुंदर दिसते. पण पंप बंद पडला की तिच्याकडे शिल्लक काहीच नसतं.

शिल्लक का नसते, हे घरी करून बघता येतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. खालच्या कडेतून पुन्हा पाणी गळायला लागेल. थोड्या वेळाने वरची कड बोटाला जवळजवळ कोरडी लागेल आणि खालची ओलीचिंब. छिद्रं असलेली कुठलीही वस्तू ठरावीक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवते. उंची वाढली की वरचं पाणी खाली उतरतं. कापडाच्या भिंतीत नेमकं हेच होतं. वरची ओळ तहानलेली राहते, खालच्या ओळीची मुळं कुजतात, आणि पाणी वाढवावं तर कुजणं वाढतं. सुट्या खिशांच्या भिंतीत कारण थोडं वेगळं आहे. तिथे प्रत्येक खिशात मातीच जेमतेम लिटर-दोन लिटर असते. एवढी माती उन्हात लवकर तापते आणि लवकर सुकते.

वेलाची मात्र फक्त पानं उभी असतात. मुळं जमिनीत पसरलेली असतात आणि जमीन थंड असते, खोल असते. दोन दिवस पाणी चुकलं तरी वेल दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी सावरतो. खिशातली पालक-मेथी तेवढ्या वेळात गेलेली असते.

वजनाचा मुद्दाही आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. भिंतीच्या एका चौरस मीटरवर दोन लिटरचे तीस खिसे लावले, तर भिजल्यावर त्यांचं वजन सहज साठ किलोंच्या घरात जातं. वीस चौरस मीटरच्या भिंतीवर ते टनाच्या पुढे गेलं. मग सांगाडा जाड लागतो, भिंतीची तपासणी लागते, भिंतीत ओल जाऊ नये म्हणून मागे पत्रा लागतो. लावणीचा खर्च वाढतो तो रोपांमुळे कमी आणि या लोखंडामुळे जास्त.

भिंतीला ऊन कधी मिळतं

खाण्याजोगं झाड आणि शोभेचं झाड यांत एक मोठा फरक आहे. मनी प्लांट सावलीत भागवून घेतो. मेथी, कोथिंबीर, चवळी यांना दिवसाचं चार-पाच तास तरी थेट ऊन हवं, आणि फळभाजीला त्याहून जास्त. भिंतीला मात्र सगळं आकाश मिळत नाही, अर्धंच मिळतं. कुठलं अर्धं, हे तिच्या तोंडावर ठरतं.

पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी बारा वाजता सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर तिरपं, भरपूर ऊन पडतं. मे महिन्याच्या मध्याला तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पुढे काही आठवडे उत्तरेकडे सरकतो. तेव्हा त्याच भिंतीवर दुपारी ऊन जवळपास पडतच नाही. म्हणजे दक्षिणेची भिंत हिवाळ्यात उबदार आणि ऐन उन्हाळ्यात सावलीत, आणि आपल्याकडे पालेभाजीचा खरा हंगाम तर हिवाळाच. पश्चिमेची भिंत याच्या उलट. एप्रिल-मेच्या दुपारी ती भट्टीसारखी तापते आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. तिच्यावर मायाळू, तोंडली असे चिवट वेलच टिकतात. अनेक ठिकाणी भिंत निवडली जाते ती रस्त्यावरून चांगली दिसते म्हणून. ती कुठल्या दिशेला आहे, हे कंत्राट निघेपर्यंत कुणी विचारत नाही.

थंड देशांत मात्र भिंतीने साठवलेली हीच उष्णता वरदान ठरली. पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रई नावाचं उपनगर आहे. तिथे सतराव्या शतकापासून शेतकऱ्यांनी शेतात उंच भिंती बांधल्या, त्यांना प्लास्टर केलं आणि पीचची झाडं पंख्यासारखी पसरून भिंतीला लावली. फांद्या बांधायला दोरी नसे. कापडाच्या चिंध्यांची पट्टी फांदीभोवती घ्यायची आणि तिची दोन्ही टोकं एका खिळ्याने प्लास्टरमध्ये ठोकायची, म्हणजे साल सोलवटत नाही. दिवसभर तापलेली भिंत रात्री फळांना ऊब द्यायची आणि एरवी उबदार प्रदेशात पिकणारं फळ तिथे बाजारात जाण्याइतकं पिकायचं. एकोणिसाव्या शतकात या भिंतींची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर झाली होती. या भिंतींचा खर्च पीच विकून निघायचा. सार्वजनिक खाद्यबागेचा प्रश्न इथेच वेगळा होतो. तिथलं फळ फुकट असतं, म्हणून खर्च दुसरीकडून यावा लागतो.

लावणीचे पैसे मिळतात, राखणीचे मिळत नाहीत

कुठल्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात खर्चाचे दोन भाग असतात. एक भांडवली खर्च, म्हणजे नवीन काही उभं करण्याचा. दुसरा महसुली खर्च, म्हणजे उभं आहे ते रोज चालवण्याचा. पगार, वीज, पाणी, दुरुस्ती हे सगळं दुसऱ्यात येतं. अनुदानं, देणग्या आणि स्पर्धांची बक्षिसं बहुतेक पहिल्या भागासाठी मिळतात, कारण उभारलेल्या गोष्टीचा फोटो निघतो आणि हिशोब एकदाच द्यावा लागतो. बांधून झालेल्या पुलाला हे चालून जातं. भाजीच्या भिंतीला अजिबात चालत नाही, कारण तिचा बहुतेक खर्च लावल्यानंतर सुरू होतो.

पॅरिसमध्ये हे स्पष्ट दिसतं. २०१४ साली तिथल्या नगरपालिकेने लोकसहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. शहराच्या गुंतवणुकीच्या, म्हणजे भांडवली रकमेतले पाच टक्के कशावर खर्च करायचे, हे नागरिकांनी मत देऊन ठरवायचं. पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त मतं मिळाली ती ‘भिंतींवर बागा’ या कल्पनेला. शहरात ४० ठिकाणी भिंती हिरव्या करायच्या, त्यासाठी सुमारे २० लाख युरो. लोकांची आवड यातून अगदी स्वच्छ कळते. पण हा पैसा भांडवली होता. भिंत उभी करण्यापुरता तो पुरेसा होता. दहा वर्षं तिची छाटणी आणि पाणी करणाऱ्या माळ्याचा पगार पालिकेच्या दुसऱ्या खिशातूनच निघणार होता.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, पॅरिसने राखणीचा भार हलका करायचा एक मार्ग काढला. रस्त्यावरचा झाडाभोवतीचा चौकोन, भिंतीच्या पायथ्याची पट्टी अशा जागा नागरिकांना तीन वर्षांच्या परवान्यावर द्यायच्या. हवी असल्यास माती आणि बियाणं पालिका देणार, कीटकनाशक वापरायचं नाही, आणि पाणी-निगा परवाना घेणाऱ्याची. कल्पना मला मनापासून आवडते. तरी काही वर्षांत सोडून दिलेल्या, कचरा साचलेल्या चौकोनांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२१ मध्ये शहराला या योजनेचा फेरविचार करावा लागला. हौस पहिल्या हंगामाला पुरते. घर बदलणं, आजारपण, नोकरी या सगळ्यांतून ती चार उन्हाळे टिकेल, यावर सार्वजनिक व्यवस्था उभी करता येत नाही.

सिंगापूरच्या उद्यान संस्थेने २००९ मध्ये गच्चीवरच्या आणि पुढे भिंतीवरच्या हिरवाईसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. नंतर त्यात खाण्याजोग्या लागवडीलाही उत्तेजन दिलं गेलं. अनुदान उभारणीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. इथेही शब्द ‘उभारणी’ हाच आहे. फरक इतकाच, की तिथे इमारतीचा मालक उरलेला निम्मा पैसा स्वतः घालतो, त्यामुळे नंतर निगा राखायला त्याला स्वतःचंच कारण असतं.

चौकट : एका भिंतीचा हिशोब

आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. आपापल्या गावाचे दर घालून पाहावेत.

भिंत २० चौरस मीटर. कोरड्या दिवसांत सरासरी ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर दर चौरस मीटरला रोज ६ लिटर पाणी (एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर). दिवसाला १२० लिटर. ऑक्टोबर ते मे हे साधारण २४० दिवस, म्हणजे सुमारे २९ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर.

खिशांची भिंत : रोज एक तास माणूस. वर्षाचे ३६५ तास, म्हणजे आठ तासांचे सुमारे ४५ दिवस. दिवसाचे ७०० रुपये धरले तर वर्षाला ३१,५०० रुपये. पाच वर्षांचे १,५७,५००. उभारणी चौरस मीटरला ५,००० रुपयांनी झाली असेल तर ती एक लाखाची. म्हणजे पाच वर्षांची निव्वळ मजुरी उभारणीच्या दीडपट, आणि यात मेलेली रोपं बदलणं, तुंबलेल्या ठिबकच्या तोट्या, पंपाची वीज धरलेलीच नाही.

वेलांची भिंत : आठवड्यातून दोन तास. वर्षाचे १०४ तास, म्हणजे १३ दिवस, ९,१०० रुपये. उभारणी म्हणजे तार, खिळे, पायथ्याशी चर आणि शेणखत.

आंडरनाखने कुठला पैसा वापरला

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी, कोब्लेन्झ शहराजवळ आंडरनाख नावाचं सुमारे ३० हजार वस्तीचं गाव आहे. रोमन काळापासूनचं जुनं गाव. मध्ये पडक्या किल्ल्याच्या भिंती आणि कोरडा खंदक. २०१० हे संयुक्त राष्ट्रांचं जैवविविधता वर्ष होतं. त्या वर्षी पालिकेने किल्ल्याच्या भिंतीलगत टोमॅटोच्या १०१ जाती लावल्या आणि पाटी लावली : तोडायला परवानगी आहे. पुढच्या वर्षी घेवड्याच्या शंभर जाती, त्याच्या पुढच्या वर्षी कांद्याच्या. गाव ‘खाण्याजोगं शहर’ म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं. खंदकातल्या दगडी भिंतींच्या उबेत अंजीर, बदाम, पीच अशी उबदार प्रदेशातली झाडंही फळू लागली.

पाहायला येणारे लोक टोमॅटोचे फोटो काढतात. मला या गावाची आकडेमोड जास्त मोलाची वाटते. पालिकेच्या बागांत आधी हंगामी फुलं लावली जात. वर्षातून दोन-तीन वेळा सगळं उपटायचं आणि नवीन रोपं विकत आणून लावायची. हे काम महाग, आणि तो पैसा दरवर्षीच्या चालू खर्चातून जायचा. पालिकेने त्यातले बरेच ताटवे काढून तिथे वर्षानुवर्षं टिकणारी झुडपं, औषधी वनस्पती आणि भाज्या लावल्या. म्हणजे बागेसाठी नवीन अनुदान शोधण्याआधी पालिकेने स्वतःच्याच महसुली खात्यातला, आधीपासून खर्च होणारा पैसा फुलांकडून भाजीकडे वळवला. तो पैसा दरवर्षी येतच होता, त्यामुळे राखणीची सोय पहिल्या दिवसापासून झाली.

दुसरा भाग माणसांचा. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या लोकांना पुन्हा कामाची सवय आणि कौशल्य मिळावं म्हणून जर्मन सरकार अशा कामांच्या योजनांवर खर्च करतं. आंडरनाखमध्ये नफ्यासाठी न चालणाऱ्या एका संस्थेमार्फत ही माणसं, माळ्याच्या देखरेखीखाली, बागेची रोजची निगा राखतात. खुरपणी, बांधणी, पाणी, बी राखून ठेवणं. पगार बेरोजगारीच्या योजनेतून, जागा आणि पाणी उद्यान खात्याचं, फळ गावाचं. दोन वेगवेगळ्या खात्यांतले पैसे एका ताटव्यात आले, आणि त्यांपैकी कुणालाही फक्त बागेसाठी म्हणून वेगळी मागणी करावी लागली नाही.

सुरुवातीला भीती होती की लोक नासधूस करतील, कच्चेच टोमॅटो तोडतील, अख्खी रोपं उपटून नेतील. प्रत्यक्षात नासधूस फारच कमी झाली. युरोपीय संघाच्या पैशांतून २०१८ मध्ये खाद्य शहरांचा एक मोठा अभ्यास प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मार्गदर्शक शहरांमध्ये ऑस्लो, रॉटरडॅम आणि हवानाबरोबर आंडरनाखचं नाव होतं. हा बाहेरचा पैसा बाग आठ वर्षं टिकल्यावर आला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आंडरनाखने दुसऱ्या वर्षी लावलेला घेवडा हे उभ्या लागवडीचं फार सोपं पीक. काठी रोवली की वेल स्वतःच तिला गुंडाळत वर जातो, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. खर्च काठीचा आणि बियांचा. आपल्याकडे वाल, चवळी, चौधारी घेवडा हेच काम करतात.

रस्त्याच्या कडेची भाजी खावी का

उड्डाणपुलाच्या खांबांवर भाजी लावायची सूचना अनेकदा ऐकू येते. ती मान्य करू नये. बर्लिनच्या संशोधकांनी २०१२ साली शहरातल्या भाज्यांची तपासणी केली. वाहतुकीच्या रस्त्यापासून १० मीटरच्या आत वाढलेल्या भाज्यांत शिशासारख्या धातूंचं प्रमाण जास्त सापडलं. मध्ये इमारत किंवा दाट झुडपांची रांग असेल तर ते कमी. पालेभाजी सगळ्यात धोक्याची, कारण आपण खातो तो भाग म्हणजे धूळ झेलणारं पानच. सोललेल्या दुधी-भोपळ्यात किंवा शेंगेतल्या दाण्यात हा धोका कमी असतो. म्हणून खाद्यभिंतीची जागा शाळेच्या मागच्या अंगणात, उद्यानाच्या आतल्या कुंपणावर, वाचनालयाच्या बाजूच्या बोळात असावी. वर्दळीच्या चौकातला दर्शनी भाग शोभेच्या वेलाला द्यावा.

आपल्याकडचा पैसा

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. सूचनेची मर्यादा पाच लाख रुपये. पाच लाखांत वेलांची एक मोठी भिंत सहज होते. अडचण तीच आहे जी पॅरिसला आली : सुचवलेलं काम उभारणीचं असतं.

कंपन्यांचा सामाजिक निधी हा दुसरा स्रोत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करायचे असतात, आणि पर्यावरण त्या यादीत आहे. फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी, की हा खर्च एकाच वर्षात संपवावा लागत नाही. सुरू झालेल्या वर्षाशिवाय आणखी तीन वर्षं चालणारा प्रकल्प नियमांत बसतो. म्हणजे कंपनीकडे सांगाड्याचे पैसे मागण्याऐवजी चार उन्हाळ्यांचा माळी मागता येतो. पाटी हवी तर माळ्याच्या नावाने लावावी.

तिसरी वाट मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराने या शतकाच्या सुरुवातीला दाखवली. हजारो कर्मचाऱ्यांचं जेवण रांधणाऱ्या त्या स्वयंपाकघरातून रोज भाज्यांची देठं-सालं निघायची. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील आणि सहकाऱ्यांनी गच्चीवर त्याच कचऱ्याची माती केली आणि तिच्यात फळं-भाज्या वाढवल्या. निगा राखणारी माणसं तिथलीच, खत तिथलंच. कचरा उचलण्यावर जो खर्च होणारच होता, त्यातला थोडा बागेकडे वळला. पैसा वळवायची ही तऱ्हा आंडरनाखसारखीच.

आणि राखणीसाठी पैसे कसे द्यावेत, याचं उत्तम उदाहरण तर महाराष्ट्राच्या शेतीतच आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत शेतकऱ्याला अनुदान एकरकमी मिळत नाही. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर अवलंबून असतात. आंब्याची कलमं लावल्याबद्दल पैसे मिळतात, पण पूर्ण पैसे जगवल्याबद्दल मिळतात. शेतातल्या आंब्याला लागू होणारा हा नियम शहरातल्या भिंतीला लागू करायला काय हरकत आहे? कंत्राटदाराला निम्मी रक्कम लावल्यावर द्यावी आणि बाकीची दोन वर्षांत, जिवंत वेल मोजून. मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करावी. श्रावणात कुठलीही भिंत हिरवी दिसते, त्यामुळे पावसाळ्यातल्या मोजणीला अर्थ नाही. आणि मोजायला अधिकाऱ्याबरोबर त्या गल्लीत राहणारी दोन माणसं असावीत, कारण मार्चमध्ये पाणी किती दिवस बंद होतं हे त्यांनाच माहीत असतं.

हप्त्यांची अट घातली की आराखडाही आपोआप बदलतो. तिसऱ्या वर्षाचे पैसे अडकलेले असले की कंत्राटदार स्वतःच शंभर खिशांऐवजी दहा वेल सुचवेल, पश्चिमेच्या भिंतीवर पालक लावायला नाही म्हणेल, आणि टाकीपासून भिंतीपर्यंतची नळी कुणाच्या पायात येणार नाही हे बघेल.

ज्यांना आपल्या प्रभागात असं काम सुचवायचं असेल, त्यांनी अर्जात ‘व्हर्टिकल गार्डन’ एवढंच लिहून थांबू नये. भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहावं आणि डिसेंबरातल्या दुपारी काढलेला तिचा फोटो जोडावा. पायथ्याशी किमान दीड फूट खोल चर, त्यात शेणखत, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवलेली गंज न धरणारी तार, आणि जवळच्या जवळ मीटरसह स्वतंत्र नळजोड, या चार गोष्टी कामाच्या वर्णनात नावानिशी असाव्यात. वेलांची नावंही लिहावीत : तोंडली आणि मायाळू बारमाही, वाल आणि घेवडा हिवाळ्यासाठी, दोडका-घोसाळी पावसाळ्यासाठी. सोबत शेजारची शाळा, सोसायटी किंवा बचत गट यांपैकी कुणाचं तरी पत्र हवं, ज्यात पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याला महिन्याला कुठून किती पैसे मिळणार हे लिहिलेलं असेल. हे पत्र तयार नसेल, तर अर्ज एक वर्ष थांबवलेला बरा.